पक्ष्यांसाठी शांतता

मुंबईचे पाहुणे आले की मी त्यांना काजळी नदीवर तिथल्या एका गाइडच्या कॅनूत बसवून आणतो. वल्ह्यापेक्षा त्याचं तोंडच जास्त चालतं. निघतानाच तो सगळ्यांना दम देतो, "बोलायचं नाय हां. पक्षी उडतात." मग स्वतः अख्खा वेळ बोलतो. खंड्या दिसला की असा काही ओरडतो, की पाहुण्यांना फक्त उडालेली निळी शेपटी दिसते.

पुलावरून कुणी निर्माल्याची पिशवी नदीत टाकली, की तो चालत्या कॅनूत उभाच राहतो. आम्ही जीव मुठीत धरून बसतो आणि तो वर बघून टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. "नदी काय तुझ्या बापाशीची रे, मेल्या?" माझ्या मेव्हण्याने त्यातल्या निवडक शिव्या फोनवर रेकॉर्ड करून नेल्या आहेत.

गेल्या रविवारी पिशवी थेट त्याच्या डोक्यावर येऊन फुटली. कानाला झेंडूची माळ आणि खांद्यावर दुर्वा घेऊन तो उठला, छाती भरून श्वास घेतला आणि वर पाहिलं.

कठड्याशी त्याची आई उभी होती.

"बघतोस काय? देवाचं हाय ते," ती वरून ओरडली. "आणि टोपी घाल, ऊन लागतंय!"

तो मुकाट खाली बसला. धक्क्याला लागेपर्यंत त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

इतक्या फेऱ्यांत त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला पक्षी ऐकू आले.