दोन दारांची गाडी
झेंडूच्या ओल्या माळेचा वास आला की विंडसरमधला २०१६चा दसरा आठवतो. परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलच्या पार्किंगमध्ये गाड्यांची पूजा चालली होती. माझी दोन दारांची, जुनी जपानी स्पोर्ट्स कार रांगेत शेवटी होती. पूजा करणारे काका, कार प्लांटमधले निवृत्त इंजिनिअर, तिच्यापाशी थबकले. “अगं, विकून टाक ही. उद्या संसार कुठे बसवशील?” “पुढच्या सीटवर मावेल तेवढाच करीन, काका.” भोवती जमलेल्या बायका हसल्या. काकांनी ताम्हन खाली ठेवलं. मी ते उचललं, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि नारळही मीच फोडला. पुण्याहून आलेली आई साडी सावरत पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, “चल, हायवेवर घे.” ती गाडी मी अजून विकलेली नाही.