बोटीकडे तोंड करून

जगात कुठलीही गोष्ट सुरू होण्याआधी तिथं कुणी जाऊन बसलेलं असेल, तर ते आमचे ट्रॉयचे काका. नात्याचे नव्हेत, डेट्रॉइटजवळच्या या गावी मी नोकरीला आलो तेव्हा पहिल्यांदा जेवायला बोलावलं ते त्यांनी, म्हणून काका. मोटारींचे ब्रेक तपासणं हा त्यांचा पेशा आणि काळजी करणं हा स्वभाव. दोन्हींत त्यांनी कधी कसूर केली नाही. मंडळाच्या गणपतीला ते इतके लवकर पोचत, की शाळेचा हॉल उघडणारा माणूस त्यांच्याच हातात किल्ली देऊन घरी जाई. मग नुसतं बसून काय करायचं म्हणून काका खुर्च्या मांडत. पुढंपुढं कमिटीनं ते काम दुसऱ्या कुणाला सांगणंच सोडून दिलं. अशा माणसाशी काकूंनी हसतमुखानं संसार केला. त्यांची हौस एकच. स्वयंपाकघरात जुन्या कॅलेंडरचं एक पान त्यांनी लावून ठेवलं होतं: निळा समुद्र, डोंगरउतारावर पिवळी-गुलाबी घरं आणि काठावर छत्र्यांखाली कॉफी पीत बसलेली माणसं. तिथं एकदा बसायचंय, असं त्या पोळ्या लाटता लाटता म्हणत.

ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात लेकीनं लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्यांच्या हातात भूमध्य समुद्राच्या क्रूझची तिकिटं ठेवली. "डॅड, जस्ट रिलॅक्स," असं वर बजावलं. सोबतीला आम्ही नवरा-बायको निघालो. काकांना बोटीची भीती नव्हती; भीती होती ती बोटीतून उतरायची. आपल्याला टाकून ती निघून गेली तर? बार्सिलोनाला त्यांनी आम्हाला धक्क्यावरूनच मागं फिरवलं. जेनोआला चौकापर्यंत पोचलो, तेवढ्यात कुठंसा भोंगा वाजला आणि काकांनी सगळ्यांना पळवत परत आणलं. तो कारखान्याचा भोंगा होता. काकांच्या खांद्यावरच्या पिशवीत पासपोर्ट, स्वेटर आणि मागं राहिलोच तर उपासमार नको म्हणून डबाभर चिवडा. काळजी ही सर्दीसारखी असते. हळूहळू मीही सारखा घड्याळ बघायला लागलो. काकूंचं हसणं कमी झालं होतं आणि ते मला बघवत नव्हतं. आता एकच बंदर उरलं होतं.

ते फ्रान्समधलं, नीसजवळचं. तिथं बोट धक्क्याला लागत नाही; खाडीत नांगर टाकते आणि छोट्या होड्यांतून माणसांना काठावर सोडतात. उतरलो तर समोर काकूंचं कॅलेंडरच उभं. त्या सरळ जाऊन एका छत्रीखाली बसल्या आणि कॉफी मागवली. काकाही बसले, पण खुर्ची फिरवून. तोंड बोटीकडे आणि पाठ सगळ्या गावाकडे.

कॉफी यायच्या आत बोटीचं नाक हळूहळू वळायला लागलं. वारा फिरला की नांगरावरची बोट जागच्या जागी फिरते, हे आज मला ठाऊक आहे. तेव्हा मी पुन्हा घड्याळ बघितलं. काका पांढरेफटक पडून उभे राहिले.

"चला. शिप मूव्ह होतंय. ब्रेक सुटलाय."

काकू उठल्या नाहीत.

"जाऊ दे तिला. मी कॉफी ऑर्डर केलीय. तुम्हाला जायचं तर जा, मी बसते."

परत नेणारी होडी काठालाच लागली होती. धावले असते तर मिळाली असती. काकांनी होडीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले. मग पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

"थोडाथोडा खा. आता इथंच राहायचं तर पुरवायला हवा."

काकू इतक्या हसल्या, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. बोट पुरती फिरून पुन्हा स्वस्थ उभी राहिली. काकांनी मात्र नजर तिच्यावरून हलवली नाही.

आता काकांना फारसं दिसत नाही. दुपारी दोघं घरामागच्या लाकडी ओट्यावर, म्हणजे डेकवर बसतात. मध्यंतरी मी गेलो, तर काका विचारत होते, "त्या दिवशी माझ्या मागं काय होतं गं?" काकू सांगायला लागल्या: पिवळी घरं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, चर्चची घंटा. दर खेपेला त्या काहीतरी वाढवतात. या वेळी टेकडीवर आंब्याचं झाडही उगवलं होतं. काका डोळे मिटून ऐकत होते.

"आपण खूप वेळ बसलो होतो, नाही?"

"खूप वेळ," काकू म्हणाल्या.

मी तिथं होतो. जेमतेम एक कप कॉफी झाली होती, तीही काकांनी जीभ पोळत संपवलेली. मी गप्प बसलो.