एका हिसक्यात सुटणारी सॅक

मी भूमितीचा तास घेत होतो. शिपायाने दारातून फोन आल्याची खूण केली. ऑफिसात जाऊन रिसीव्हर कानाला लावला, तर रत्नावहिनींचा आवाज अगदी शांत. "भावजी, हे गेले. सकाळी चहा मागितला, आणि तो आणेपर्यंत... तुमी या." मुरबाडहून आसनगावला पोहोचेपर्यंत मनात सारखं एकच येत होतं, की मिलिंद सुटला. जिवलग मित्राबद्दल असं वाटावं याचं मला नवल वाटलं नाही, कारण तो अडकला तेव्हा मीच त्याच्यासोबत होतो.

मिलिंद माझा कॉलेजपासूनचा मित्र. शहापूरच्या नाक्यावर त्याचं रिक्षांची हुडं आणि सीटकव्हरं शिवायचं दुकान होतं. नव्वदच्या सुमारास आम्हाला डोंगरांचं वेड लागलं तेव्हा पाठीवर न्यायला धड सॅकही मिळत नसे. कुणी शाळेचं दप्तर आणायचं, कुणी गोणीला दोरी बांधायचं. मिलिंदने एका ओळखीच्या मुंबईकराची परदेशी सॅक मागून आणली, तिची शिवण न् शिवण उलटून पाहिली, आणि ताडपत्रीची, नवारीच्या पट्ट्यांची, मोडक्या खाटेच्या पाइपांची फ्रेम लावलेली स्वतःची सॅक शिवली. पहिल्या दिवशी ती रिकामीच पाठीला लावून तो नाक्यावरून हिंडून आला होता.

तीच सॅक मुरबाडकडच्या एका डोंगरावर त्याला नडली. दोन कातळांमधल्या अरुंद फटीतून आम्ही दोघं चढत होतो. मी वर पोहोचलो, तो मधेच थांबला. फ्रेम मागच्या खाचेत रुतली आणि छाती पुढच्या दगडाला दाबली गेली. वर सरकता येईना, खाली उतरता येईना. नवारीच्या गाठी घामाने आवळल्या होत्या आणि हात वर अडकलेले, त्या सोडणार कशा? मी झाडाला दोर बांधत होतो, बांधलेला पटत नव्हता म्हणून पुन्हा सोडत होतो. खालून त्याचा आवाज यायचा, "बोलत रा रे. गप नको बसू." मग मी बोलत राहिलो... त्याच्या आईच्या हातचं बोंबलाचं कालवण, नापास झालेले पेपर, सुचेल ते. फटीतलं ऊन सरकून गेलं तेव्हा कुठे मी दोरावरून त्याच्यापर्यंत उतरलो आणि भाजीच्या सुरीने पट्टे कापले. सॅक खाली गेली. ती आपटल्याचा आवाज यायला फार वेळ लागल्यासारखं वाटलं. मिलिंद दोराला धरून वर आला आणि सरळ उतरणीला लागला.

त्यानंतर तो डोंगरावर गेला नाही. सॅक मात्र शिवत राहिला, आधीपेक्षा चांगल्या. खांद्याला जाड फोम, कमरेला रुंद पट्टा, आणि छातीवर एक बक्कल, जे एका हाताने ओढलं की सगळं ओझं अंगावरून गळून पडायचं. माहुलीच्या किल्ल्यावर जाणारी पोरं आसनगावला उतरली की त्याचा पत्ता विचारत शहापूर गाठायची. सॅक देण्याआधी तो ती त्यांच्या पाठीवर चढवायचा आणि म्हणायचा, "आता डोळे मीट आणि काढ." जमेपर्यंत सोडायचा नाही. पोरं हसायची.

एकदा एक मुलगी मुद्दाम सांगायला आली. ओढा ओलांडताना ती पाण्यात पडली, सॅक तिला खाली ओढत होती, तिने बक्कल ओढलं आणि वर आली. मिलिंदने मशीन थांबवलं. "एकाच हिसक्यात सुटलं ना?" एवढंच विचारलं. ती हो म्हणाली. तो उठून दुकानाच्या मागे गेला आणि ती निघून गेल्यावरच परत आला.

गेल्या वर्षी त्याची पाठ दुखू लागली, मग पायाला मुंग्या. डॉक्टरांनी कल्याणला एमआरआय करायला सांगितलं. त्या नळीसारख्या मशीनमध्ये डोकं गेलं आणि मिलिंद ओरडत बाहेर आला. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. झोपेचं इंजेक्शन देतो म्हणाले, तर तो वहिनींना म्हणाला, "झोपेत अडकलो तर हाका कुनाला मारू?" महिने गेले. पाय ओढत चालू लागला तेव्हा वहिनींनी मला बोलावून घेतलं.

तिसऱ्या खेपेला मी मशीनच्या खोलीत त्याच्या पायांशी उभा राहिलो. मशीन घणघणायला लागल्यावर माझं बोलणं मलाच ऐकू येईना, तरी मी बोलत होतो आणि त्याचा घोटा घट्ट धरून होतो. या वेळी तो शेवटपर्यंत आत राहिला. बाहेर आला तेव्हा शर्ट ओलाचिंब होता. "बोलत व्हतास?" "हो." "ऐकू नाय आलं. पन पाय धरलेला कळत व्हता."

मणक्याला गाठ निघाली. बरीच वाढलेली. डॉक्टर लवकर यायला हवं होतं म्हणाले तेव्हा वहिनी रडू लागल्या. मिलिंद त्यांना म्हणाला, "मला जमलं नाय गो. तू कुनाला बोल लावू नको."

मिलिंद गेल्यानंतर, परवा वहिनींकडे गेलो होतो. निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. आता एकट्याच असता, रात्री कडी नीट लावत जा, असं मी म्हणालो. त्यांनी कडी ओढून दाखवली. ती जागची हलली नाही. लग्न होऊन त्या या घरात आल्यापासून मिलिंदने ती एकदाही लावू दिली नव्हती, गंजून चौकटीला चिकटली होती. "तेल घालून बघतो," मी म्हणालो.

"राहू द्या भावजी," वहिनी म्हणाल्या, आणि दार नुसतं लोटून घेतलं.