खुशालभाऊंची घरातली बस

राजुरा आगारात खुशाल रामटेके हे नाव सगळ्यांना ठाऊक होतं. पंचवीसेक वर्षं त्यांनी एसटी चालवली, त्यातली बरीचशी जिवतीच्या घाटात. मग मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. आगारानं त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. काम हलकं होतं, पगार चालू होता. पण घरी खुशालभाऊ बोलेनासे झाले. जेवताना त्यांचा उजवा पाय मधूनच जमीन दाबायचा, ब्रेकवर असल्यासारखा. पत्नी ठमाबाई ते बघायच्या आणि त्यांच्या ताटात भाजी वाढायच्या.

मुलगी नंदिनी सेतू केंद्रात ऑपरेटर होती. एकदा तिला दिसलं, बाबा मोबाइलवर व्हिडिओ बघतायत. कॉम्प्युटरच्या खेळात कोणीतरी डोंगरातून बस चालवत होतं. तिची चाहूल लागताच त्यांनी मोबाइल उलटा ठेवला.

असले खेळ चालवणारा नवा कॉम्प्युटर घेणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. मग तिनं जुळवाजुळव सुरू केली. चंद्रपुरात लोकेश नावाचा एक जण जुने कॉम्प्युटर विकायचा. त्याच्याकडून तिनं एका ऑफिसातून काढलेला कॉम्प्युटरचा डबा घेतला. कॉम्प्युटरला जोडायचं जुनं स्टेअरिंग, पेडलसकट, नागपूरच्या एका कॉलेजकुमाराकडून आलं. पडदा म्हणून घरातला टीव्ही होताच. खेळाचं चित्र पडद्यावर आणणारं ग्राफिक्स कार्ड मात्र तिनं घाईत मोठं उचललं. ते डब्यात मावेना, आणि त्याला लागणारी विजेची वायरही आत नव्हती. लोकेशनं कुरकुर न करता ते बदलून लहान कार्ड दिलं. याला वेगळी वायर लागत नाही, जुन्या डब्याला एवढंच झेपेल, असं त्यानं समजावलं.

खुशालभाऊंना हे सगळं पसंत नव्हतं. या वयात खेळ कसले, आगारातले लोक हसतील, असं ते ठमाबाईंना सांगत. तरी नंदिनी स्क्रू पिळायला बसली की ते खुर्ची ओढून जवळ बसायचे.

रविवारी सकाळी तिनं बटण दाबलं. पंखा फिरला, पण टीव्ही काळाच राहिला. तिनं कार्ड काढून पुन्हा बसवलं, रॅम पुसली. काही होईना. आपण कार्डच जाळलं, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

"राहू दे, पोरी," खुशालभाऊ म्हणाले. "तू माझ्यासाठी एवढं केलं, मले पुरे."

त्यांचा तो उतरलेला आवाज ऐकून तिला आणखीच वाईट वाटलं. तिनं लोकेशला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, टीव्हीची वायर कुठी लावली? जुन्या जागी की कार्डाले?"

वायर डब्याच्या मूळच्या, जुन्याच जागी होती. नंदिनीनं ती काढून कार्डात खोचली आणि टीव्ही उजळला. ती जमिनीवरच बसली आणि हसू लागली.

खेळ सुरू झाल्यावर खुशालभाऊंनी सीट सरकवावी तशी खुर्ची सरकवली. घाटाचा रस्ता निवडला. पहिली वळणं नीट गेली. पुढच्या वळणावर ब्रेकला उशीर झाला आणि बस कठडा तोडून खाली गेली. नंदिनीनं घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"माझ्या शेवटच्या फेरीत असंच वळण होतं," ते म्हणाले. "पाय बधिर झाला होता. ब्रेक दाबून राह्यलो, पण पायाले समजूनच नाई राह्यलं. कशीबशी गाडी थांबली. मागं गाडीभर लोकं होते, बाया होत्या, लेकरं होते. कोणाले समजलंच नाई."

हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. ठमाबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"मंग मनात काऊन ठेवलं इतके दिवस? थांबली ना गाडी."

"थांबली," खुशालभाऊ म्हणाले.

त्यांनी डोळे पुसले आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला. मणक्यासाठी अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही, एवढी ठमाबाईंची अट होती. ती त्यांनी मान्य केली. त्या दुपारी ते पोटभर जेवले, आणि जेवता जेवता घाटातल्या एकेका वळणाबद्दल नंदिनीला सांगत राहिले.