भावाच्या मापाचं सूत

नदीकाठच्या त्या शहरात घाटाच्या पायऱ्या चढून आलं की चौकाच्या मधोमध संताचा दगडी खांब होता. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी महाराज त्याला टेकून बसत, असं लोक सांगत. आजाऱ्याच्या डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलेलं कच्चं सूत खांबाला गुंडाळून गाठ मारायची, म्हणजे दुखणं खांबावर राहतं. आजाऱ्याला सोबत न्यावं लागत नसे. माझ्या धाकट्या भावाला नेण्यासारखं नव्हतंच. सहा वर्षांचा होता. छातीत काहीतरी बिघडलं होतं, पाय सुजायचे.

सत्तर साल उलटलं होतं. मी नऊ वर्षांची. सकाळी शिदोरी बांधता बांधता माय म्हणाली, "बाई, त्याचं माप घे वो." खोकून खोकून तो नुकताच मुटकुळं करून झोपला होता. उठवला असता तर पुन्हा खोकत बसला असता. आणि खरं सांगायचं तर मला कंटाळाही आला होता, त्याच्या दुखण्याचा आणि लाडांचाही. मी सुताचं टोक स्वतःच्याच पायाखाली दाबलं, दुसरं डोक्यापर्यंत नेलं आणि दातानं तोडलं. थोडं कमी करू म्हटलं, तेही राहून गेलं.

लाखांदूरहून माय आणि मी एसटीनं गेलो. आदल्या वर्षी भावाचं सूत खांबाला चार बोटं कमी पडलं होतं, जोड द्यावा लागला होता. या खेपेला टोकं भेटली, गाठ मारूनही सूत उरलं.

"पोरगा भारी वाढला बाई!" पुजारी म्हणाला.

मायनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे बघत राहिले.

घरी आल्यावर तिनं भावाच्या तोंडात प्रसाद घातला. "मी आता बरा होईन का, माय?" त्यानं विचारलं.

"होशील ना, बापा. तुहं दुखणं खांबाले बांधून आली मी."

पोळ्याच्या आधीच तो गेला.

देव काय पट्टी घेऊन बसला होता, असं मी स्वतःला कितीदा समजावलं. उपयोग झाला नाही. भावाला आपणच मारलं, हे डोक्यात घट्ट बसलं. लग्न होऊन जवाहरनगरला नवऱ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले, तरी कुणाला सांगितलं नाही. ऐंशीनंतर एकदा माझी मुलगी तापानं फणफणली. माय आली होती. दुपारी तिनं पिशवीतून कच्चं सूत काढलं आणि नातीचं माप घ्यायला वाकली. मी तिचा हात धरला आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"मले माहीत होतं," माय म्हणाली. "गाठ बसली तवाच समजलं."

"मग बोलली काहून नाही?"

"डाक्टरनं सांगतलं होतं, तो नाही वाचत म्हणून. एक तं जाऊनच राहिला होता. मंग तुह्याच नावानं हात जोडले म्या."

म्हणजे घरी येऊन त्याच्या तोंडात प्रसाद घालताना तिनं त्याला सोडून दिलेलं होतं. तिचा राग यायला हवा होता. पण मला आधी बरं वाटलं. दोघांतून तिनं मला निवडलं होतं. त्या बरं वाटण्याची मला आजही लाज वाटते.