व्यवसायाच्या रकान्यात

त्या दिवशी सकाळपासून मी विलासवर चिडले होते. स्वयंपाकघरातला नळ आदल्या संध्याकाळपासून गळत होता आणि सकाळी फोनवर विलासने सांगितलं होतं, "ताई, अर्ध्या तासात येतो." विलासचा अर्धा तास म्हणजे काय, हे आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो कधी दोन तासांचा असे, कधी थेट परवाचा. तरी साडेअकरापर्यंत मी तीनदा फोन लावला आणि चौथ्यांदा लावताना काय काय सुनवायचं ते मनात जुळवून ठेवलं. फोन उचलल्याबरोबर मी सुरूच झाले, "अरे, आम्ही माणसं आहोत की कोण?" पलीकडे भलताच आवाज होता. ठाण्यातल्या कोलशेतच्या एका टॉवरचा वॉचमन बोलत होता. "मॅडम, तुम्ही ह्यांच्या घरच्या का? हे पाइपांच्या डक्टमध्ये पडलेत..." मी विचारलं, कितव्या मजल्यावरून? तो म्हणाला, नवव्या. मग पुढे विचारण्यासारखं काही उरलंच नाही. नळाखालचं पातेलं भरून वाहत होतं आणि मी ते बघत बराच वेळ उभी राहिले. ह्याला आता सात आठवडे झाले.

मी विम्याची एजंट आहे, गेली पंचवीसेक वर्षं. आमची जमात दिसली की लोक रस्ता बदलतात, लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसायला घाबरतात, आणि मला त्याचं आता काही वाटेनासं झालंय. पण विलास आपणहून माझ्याकडे आला होता. ठाकुर्लीला स्टेशनजवळ त्याचा एक चिंचोळा गाळा होता. नळ, गीझर, पंखे, मिक्सर, दाराची कडी, जे मोडेल ते तो दुरुस्त करी. एकदा ठाण्यात एका घरी त्याने वॉशिंग मशीनचा पाइप जोडला, तो घरात कोणी नसताना निसटला आणि खालच्या मजल्यावरच्यांचं नवंकोरं लाकडी कपाट भिजून फुगलं. दुसरा कोणी असता तर त्याने नंबर बदलला असता. हा गृहस्थ सलग कितीतरी रविवार तिथे जाऊन, एका सुताराला हाताशी धरून ते कपाट उभं करून आला. मग माझ्याकडे आला आणि दारातच चपला काढता काढता म्हणाला, "ताई, असा काही विमा असतो काय, आपल्या हातून लोकांचं नुकसान झालं तर?" पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला दुसऱ्याच्या नुकसानाचा विमा मागत होतं. मला त्याचं फार कौतुक वाटलं. असा विमा असतो, दुकानाच्या पॉलिसीत तो जोडून घेता येतो, आणि मी तो त्याला काढून दिला.

त्यानंतर मात्र मी त्याच्या मागेच लागले. लोकांचं नुकसान भरून देशील रे, पण तुझं काय? तू पडलास, भाजलास, शॉक लागला तर? नोकरदाराला कंपनी असते, पगारी रजा असते. हातावर पोट असलेल्याचा हात मोडला तर घराचं पोटच मोडतं. हे वाक्य मी शेकडो लोकांना ऐकवलंय, पण विलासला ते मनापासून ऐकवत होते. तो हसायचा. "माझं काय होतंय ताई? मी माकडाच्या जातीचा." दिवा गावात एका चाळवजा इमारतीत तो, बायको सुनीता आणि शाळेत जाणारी मुलगी असे राहत. दिवसभर लोकांच्या नळाला पाणी आणून देणारा हा माणूस घरी जाऊन टँकरपुढे कळशी घेऊन उभा राहायचा. "दिव्याखाली अंधार म्हणतात ना ताई, तो आमच्याकडे," असं तोच सांगायचा. मालवणकडचा होता, विनोद करताना चेहरा हलत नसे. मी वर्षभर भुणभुण केली तेव्हा कुठे तो अपघात विम्याला तयार झाला, तेही गाळ्यावर नवा बोर्ड लागला त्या आठवड्यात. 'विलास रिपेअर्स' अशी निळी अक्षरं, खाली त्याचं नाव आणि 'प्रोप्रा.', म्हणजे मालक. तो बोर्ड बघायला त्याने मला मुद्दाम बोलावलं होतं.

आता जे सांगायचंय ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला, म्हणून आडवळणं पुरे. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. फॉर्म गिऱ्हाईक भरत नाही, एजंट भरतो. गिऱ्हाईक फक्त पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागी सह्या करतं. सगळ्यांना हे सोयीचं वाटतं. त्या दिवशी दिव्याच्या त्यांच्या खोलीत मी कॉटवर बसून विलासचा फॉर्म भरत होते. सुनीता चहा करत होती. व्यवसायाचा रकाना आला तेव्हा मी विचारलं, काय लिहू? विलास म्हणाला, "काय ताई, नळवालाच ना मी. प्लंबर लिहा." त्याने 'नळवाला' असं म्हटलं आणि मला ते लागलं. बाहेर एवढा निळा बोर्ड लावलाय आणि हा स्वतःला नळवाला म्हणवतो! मी म्हटलं, "अरे, प्लंबर काय? स्वतःचं दुकान आहे तुझं." आणि मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, दुकानदार. त्याने फॉर्म हातात घेतला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि सुनीताला हाक मारली, "अगं, बघ ताईंनी काय केलंय मला." त्या दोघांचे चेहरे मला अजून दिसतात.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. अपघात विम्यात गल्ल्यावर बसणारा वेगळ्या वर्गात मोडतो आणि उंचावर, डक्टमध्ये उतरून काम करणारा वेगळ्या. पहिल्याला हप्ता कमी, दुसऱ्याला जास्त. हे मी नव्या एजंटांना शिकवलंय. माझ्या मनात तेव्हा दोन्ही होतं, त्याला मान मिळावा हेही आणि हप्ता आवाक्यात बसेल हेही. आणि असंही होतं की, सगळेच असं लिहितात, कोण बघतंय... बघायची वेळ येते तेव्हा बघतात, हे मला कोणी सांगायला नको होतं.

कोलशेतला तो ड्रेनेजच्या पाइपचं लीकेज काढायला उतरला होता. ह्या नव्या टॉवरांच्या डक्टमध्ये माणसाला उभं राहायला जागाच ठेवलेली नसते. पाइप धरून, पाइपवरच पाय ठेवून काम करायचं. कमरेला पट्टा नव्हता. पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प भिंतीतून सुटला. इतकंच. पुढचं मी लिहीत नाही.

क्लेम मीच भरला. धावपळ केली, कागद गोळा केले, आणि विलाससाठी काहीतरी करतेय असं मला वाटत राहिलं. मग कंपनीने नेमलेला एक चौकशी अधिकारी माझ्या घरी आला. तरुण, सभ्य, चहा नको म्हणाला. त्याने फॉर्मची प्रत टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मॅडम, व्यवसाय दुकानदार, हे विमाधारकाने स्वतः सांगितलं होतं का?" मी त्या कागदाकडे बघितलं. खरं बोलले तर एजन्सी जाणार होती, पंचवीस वर्षांचं नाव जाणार होतं. मेलेल्या माणसाला कशाचाच त्रास होत नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं असावं. मी म्हटलं, "हो, त्यांनीच सांगितलं." आणि खाली सही केली. माझ्या आयुष्यातलं इतकं नीच काम मी इतक्या सहज करेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

काही दिवसांनी सुनीता माझ्याकडे आली. कंपनीचं पत्र इंग्रजीत होतं आणि तिला ते माझ्याकडूनच वाचून घ्यायचं होतं. मी चष्मा लावला. पत्रात लिहिलं होतं की विमाधारकाने आपल्या व्यवसायाबाबत खोटी माहिती दिली, सबब दावा नामंजूर. मी मराठीत सांगितलं. सुनीताने पत्र परत हातात घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे हे खोटं बोलले, असं ते म्हणतायत?" मी म्हटलं, "अगं, कंपन्यांची भाषा असते तशी." ती म्हणाली, "ताई, अर्धा तास सोडला तर ह्यांनी कुणाला खोटं सांगितलेलं मला माहीत नाही. भाऊजी म्हणतात, हप्ता वाचवायला गेला आणि बायकोपोरीला रस्त्यावर आणून गेला. पोरीच्या समोर म्हणाले." तिने पत्राची घडी घातली. जाताना दारात थांबून माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मी नजर दुसरीकडे वळवली.

त्यानंतरचे चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, जे काय करायचं ते कर, पण असं घुम्यासारखं बसू नकोस. पाचव्या दिवशी मी ठाकुर्लीला गेले. गाळ्याचं शटर उघडं होतं. सुनीता आत स्टुलावर बसली होती आणि मोठ्या डब्यातले वॉशर मापाप्रमाणे वेगळे करत होती. गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून ती रोज येऊन बसते, ओळखीतल्या एका प्लंबरला कामं देते. भिंतीवर विलासने खिळे ठोकून पाने, पकडी लटकवलेल्या होत्या, आणि प्रत्येकाभोवती खडूने आकार काढला होता, कुठली वस्तू कुठे जाते ते चटकन कळावं म्हणून. दोन-तीन आकार रिकामे होते. ती हत्यारं त्या दिवशी त्याच्या पिशवीत होती, पोलिसांकडून अजून परत आली नव्हती.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तो प्लंबर लिहा म्हणाला होता, दुकानदार मी लिहिलं, आणि चौकशीत मी त्याच्यावर ढकललं. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. सुनीताने हातातला वॉशर डब्यात टाकला. "फॉर्मवरचं अक्षर तुमचं होतं ताई," ती म्हणाली. "मी तिथंच चहा करत होते ना. ते काय म्हणाले ते मी पण ऐकलेलं. त्या दिवशी पत्र घेऊन तुमच्याकडे आलेली ती वाचायला नव्हती आलेली. पत्र शेजारच्या पोरीने वाचून दाखवलेलं आधीच."

माफ कर म्हणायचीही माझी लायकी नव्हती, तरी मी म्हटलं. पैसे मिळतील की नाही हे तिने विचारलं, आणि मी खरं तेच सांगितलं, की माहीत नाही. चूक एजंटची होती असं मी लिहून दिलं तर कंपनी पुन्हा विचार करेल, नाहीतर विमा लोकपालाकडे तक्रार घेऊन जाता येईल, पण खात्री कसलीच नाही. माझी एजन्सी बहुधा जाईल, हे मी तिला सांगितलं नाही. तिला त्याचं काय करायचं होतं? ती म्हणाली, "पैशाचं होईल ते होईल. आधी ते खोटं बोलले नाहीत, एवढं लिहा. पोरीला दाखवायचंय मला."

तिने विलासच्या बिलबुकातला एक कोरा कागद फाडून दिला. गल्ल्याच्या फळीवर ठेवून मी लिहायला लागले आणि ती शेजारी उभी राहून सांगू लागली. लिहा, नळाची कामं करायचे. डक्टमध्ये उतरायचे. लोक मागे लागले की पाइपवर उभं राहून पण करायचे. त्यांनी ताईंना प्लंबर असंच सांगितलेलं. मी तिच्याच शब्दांत लिहीत गेले, बदल करायचा धीर झाला नाही. शेवटी मी लिहिलं, नवव्या मजल्यावरून पडून मृत्यू. खाली सही केली आणि तिला सगळं वाचून दाखवलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटच्या ओळीशी तिने मला थांबवलं.

"नुसतं पडून नाही ताई," ती म्हणाली. "काम करताना पडून, असं लिहा."