अधिकारींचा काढा

गौरपद अधिकारींच्या बंगाली कीर्तनमंडळीत आसर, म्हणजे गाण्याची बैठक, सुरू होण्याआधीचा तास कुंदबाला दासीला सगळ्यात नकोसा वाटायचा. गाण्याची धास्ती तिला कधीच नव्हती. आजूबाजूची गाणारी तोंडं बघवायची नाहीत. झिलकरी तिनकडी ज्येष्ठमधाची कांडी चावून चावून तिचा कुंचला करायचा, ती तशीच ओली डबीत ठेवायचा आणि वर "घे गं दीदी, अजून गोड आहे," म्हणून पुढं करायचा. हार्मोनियमवाला कोमट तूप तोंडात धरून मान मागं टाकायचा, घशात गुळगुळ आवाज काढायचा आणि मग ते थुंकावं की गिळावं याचा विचार करत गाल फुगवून बसायचा. शेवटी गिळायचाच. खुद्द अधिकारी जर्द्याचं पान थुंकल्याशिवाय बोलत नसत आणि बोलताना पुन्हा थुंकत.

पण या सगळ्याहून वाईट त्यांचा काढा. मुख्य गायिकेला तो अधिकारी स्वतःच्या हातानं द्यायचे. पितळी पेला, वर मिऱ्यांचा उग्र वास, खाली काहीतरी मातकट, आणि वर तवंग. फार गरम तर नाही ना, हे बघायला ते त्यात करंगळी बुडवायचे आणि चाखायचे.

"अडुळसा, मिरी, तालमिस्री. आमच्या आजोबांपासूनचा आहे. पी, मा." तिला ते लेकीसारखं 'मा' म्हणत.

कुंदबाला नाक न दाबता नाक बंद करायला शिकली होती. मंडळीत येऊन तिला चार वर्षं झाली होती, आणि या काळात तिचा आवाज खरोखरच फुलला होता. विरहाची पदं ती म्हणायला लागली की नवद्वीपपासून काटोयापर्यंतच्या विधवा पदरात तोंड घालून रडत. म्हणून ती प्यायची.

त्या वर्षी होळीच्या, दोलपौर्णिमेच्या आसपास काटोयाजवळच्या एका तेलाच्या व्यापाऱ्याकडं दुपारचा आसर होता. कुंदबालाचा घसा जरा धरला होता. गरम पाणी मागायला ती अंगणामागच्या चुलीकडं गेली. मंडळीची स्वैपाकीण खेंतीमावशी उकिडवी बसून खलबत्त्यात काहीतरी कुटत होती. कुटताना कवचं फुटल्याचा आवाज येत होता. शेजारी टोपलीभर गुगली, तळ्यातल्या काळ्या गोगलगायी, काही अजून सरपटत होत्या. खेंतीमावशीनं तो हिरवट-करडा लगदा उकळत्या पाण्यात टाकला, मिरी घातली, आणि अधिकारींच्या जुन्या पंच्यातून पितळी पेल्यात पिळून काढला. त्या पंच्यावर पानाचे डाग होते.

"हे कुणाला?" कुंदबालानं विचारलं.

"कुणाला म्हणजे? तुलाच की, दीदी. रोजचंच आहे." तिनं वर बघितलं, आणि हात थांबला. "तुला ठाऊक नव्हतं? मला वाटलं, गळ्यासाठी म्हणून चालवून घेतेस."

कुंदबालाच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तेराव्या वर्षी दीक्षा घेतल्यापासून मासा तिच्या ताटात आला नव्हता. मासळी शिजली त्या चुलीवरचं ती पाणीसुद्धा घेत नसे. केळीच्या झाडांमागं जाऊन ती ओकली. पोट रिकामं झालं तरी उमासे थांबेनात. खोल नावाचा मातीचा मृदंग वाजवणारा म्हातारा श्रीदाम तांब्या घेऊन आला, पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

अधिकारी ओसरीवर पान जमवत होते.

"तुम्ही मला चार वर्षं गुगली पाजलीत."

त्यांनी चुना नीट पसरला. "आवाज चालला ना?"

"मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर प्यायली असतीस?"

"नसते."

"मग? म्हणून नाही सांगितलं." ते हसले, दातांच्या फटींतून लाल ओघळ आला. "आणि एवढं नाक कशाला मुरडतेस? तुझी आई बाजारात गुगली विकायला बसायची. मला का माहीत नाही? लहानपणी वाटी चाटून पुसून खाल्ली असशील."

खाल्ली होती. आई तळ्यात कंबरभर पाण्यात उतरून गोळा करायची. कांदा-मिरची घालून केलेली ती गुगली कुंदबालाला फार आवडायची. तिला किळस गुगलीची आली नव्हती, हे तिला त्या क्षणी कळलं. ती करंगळी, तो पंचा, आणि 'मा' म्हणून पेला पुढं करणारं ते तोंड, त्यांची आली होती.

त्या दुपारी ती नुसत्या कोमट पाण्यावर बसली. ओकाऱ्यांनी घसा सोललेला. दुसऱ्याच पदात आवाज फाटला, वरचा सूर तिनं टाळला, श्रीदामनं खोलावर बोल वाढवून तिला झाकून घेतलं. लोक उठले नाहीत, पण रडलंही कुणी नाही. आसर संपल्यावर व्यापाऱ्याची सून म्हणाली, "आज मजा नाही आली, दीदी." अधिकारी शेजारीच उभे होते. त्यांनी नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पेला पुन्हा आला. तिनं तो त्यांच्याच पिकदाणीत रिता केला आणि बोचकं बांधलं. श्रीदामनंही खोल खांद्याला लावला.

प्रायश्चित्त विचारायला ती वैष्णवांच्या मठात, आखाड्यात, गोसाईंकडं गेली. ते म्हणाले, "अजाणता घडलं. एक उपास कर, गंगेत बुडी मार."

"आणि ज्यानं जाणून पाजलं, त्याला काय?"

गोसाईंनी माळ फिरवायला घेतली. आखाड्याच्या उत्सवाचा तांदूळ दरवर्षी अधिकारींकडून येई. कुंदबाला नमस्कार न करताच उठली.

पुढं ती आणि श्रीदाम लहान गावांतून गायले. गाण्याआधी ती दोन मुठी मुरी, म्हणजे चुरमुरे, पाण्यात भिजवून खायची, आंबट-तळलेलं टाळायची, आणि पाणी स्वतः तापवायची. कुणी प्रेमानं पुढं केलेला चहासुद्धा घेत नसे. लोक तिला गर्विष्ठ म्हणत.

आवाज आठ-दहा महिन्यांनी परत आला. पूर्वीइतका आला की नाही, हे तिला नक्की सांगता यायचं नाही. अधिकारी मात्र जिथं जातील तिथं सांगत, "तो गळा माझ्या काढ्यानं घडवलेला आहे." गाण्याच्या मधोमध, एखादी तान छान उतरली की कुंदबालाच्या मनात तेच वाक्य यायचं, आणि तोंडाला मिऱ्यांची चव.